कोळपीचं बी आणायला पेठ-हरसूलकडे

नाशिकच्या पश्चिमेचे डोंगर ज्यांनी एस.टी.च्या पाटीवरच वाचले, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तिकडे मी देवाला गेलो नव्हतो आणि हवा खायलाही नाही. गेलो ते भाताच्या बियाण्यासाठी, पोटात भीती घेऊन. शाळा माझी तिसरीत सुटली. पण डोळे आणि कान शाबूत आहेत, तेव्हा जे पाहिलं आणि ऐकलं तेवढं नीट लिहीन.

भीती कसली, ते आधी सांगतो. आमचं गाव घोटीच्या वरच्या अंगाला, भाताचं. गेल्या आश्विनात माझ्या खाचरात मधोमध ताटाएवढा पिवळा गोल पडला. चार दिवसांत तो गाडीच्या चाकाएवढा झाला आणि आठवड्यात खळ्याएवढा. भात जाळल्यासारखं तपकिरी होऊन आडवं पडलं. बुडाशी फुंकर मारली की रस शोषणारे बारीक तुडतुडे पिठासारखे उडायचे. माझ्या बांधावरून शेजाऱ्याकडे गेले, तिथून खालच्या वाडीला, तिथून पलीकडच्या गावाला. कुठे अडले नाहीत, कारण अडायला दुसरं काही नव्हतंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी एकच नवं बी लावलेलं.

माझ्या बापाच्या वेळी आमच्याच खाचरांत चार वाण असायचे. वर खडकाळीत लवकर पिकणारं हळवं खडक्या, मध्ये जिरवेल, बांधाकडेला कमोद आणि खालच्या पाण्यात उशिरा पिकणारी गरवी कोळपी. रोग तेव्हाही यायचा. एकाला धरायचा, दुसऱ्याशी त्याचं जमायचं नाही, मग तिथेच बसायचा. तुडतुडे खाणारे बेडूक इतके की बांधावर पाय टाकताना बघून टाकावा लागे. मग बाहेरून बेडूक धरणारे आले, गोण्या भरभरून नेऊ लागले. तंगड्या परदेशात खातात म्हणाले. आम्ही हसलो. त्यानंतर फवारे आले. तुडतुडे उठून शेजारी गेले, आणि मेले ते कोळी, खेकडे, मासोळ्या.

आता खोटं कशाला लिहू. गावात नवं बी पहिल्यांदा मीच आणलं. घरात सात माणसं होती ती एकोणीस झाली, खाचरं मात्र बापाने ठेवली तेवढीच. नवं भात दुपटीनं पिकलं. लोक माझ्या बांधावर बघायला यायचे आणि मी मिशीवर हात फिरवायचो. कोळपीची शेवटची कणगी राहिली होती, तीही मीच फोडली आणि थोरल्या नातीच्या लग्नात भात घातला. वासानं मांडव भरला. पाहुणे म्हणाले, आबा, असा भात आता कुठे मिळत नाही. मला तेव्हा ती स्तुती वाटली.

माझा मुलगा किसन नाशिकजवळ अंबडला कारखान्यात आहे, रविवारी घरी येतो. तो म्हणाला, "आबा, एवढं काय घाबरता? यंदा दुसरं नवं बी येणार हाय, त्याला तुडतुडा लागत नाय म्हणतात."

"आन् ते बी सगळ्यांनीच लावायचं?"

"मग? चांगलं असलं तर सगळेच लावणार."

"आन् त्याला दुसरं काही लागलं तर?"

किसन भाकरी मोडत राहिला. माझ्याकडे जुनं बी नव्हतं. आमच्या भागातली सगळी ओळखीची घरं मी हिंडलो. कुणाकडे कोळपी उरली नव्हती. आमच्या खालच्या खाचरात आषाढात कमरेएवढं पाणी उभं राहतं, त्यात ती एकच तग धरायची. ज्येष्ठ लागायच्या आत ती पेठ-हरसूलकडच्या डोंगरांतून मिळवायची, असं ठरवून मी निघालो.

पेठ

तीस वर्षांपूर्वी डांगी बैल घ्यायला मी या बाजूला आलो होतो. तेव्हा सावळघाट पायी उतरताना आम्ही चौघे मोठमोठ्यानं बोलत होतो, वाघाला कळावं म्हणून. झाडीतून ऊन खाली पोचत नव्हतं. या खेपेला एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं तर घाटाच्या कडेवरून थेट गुजरातकडचे डोंगर दिसत होते. मध्ये आडवं यायला झाड नाही. जिथे तिथे बुंधे, आणि बुंध्यांमध्ये नव्या झोपड्या. पूर्वी पाड्यावर पाच घरं असत, तिथे आता तीस-पस्तीस.

पेठला उतरलो आणि पायवाटेला लागलो. तिकडे पद्धत चांगली आहे. आपल्याकडे आधी "कोण गाव, कोणाचे" विचारतात आणि मग पाणी देतात. तिकडे आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, नाव-गाव मागाहून. पण वैशाखात तो तांब्या अर्धाच असायचा. झरा आटलेला, बाया दोन डोंगर उतरून पाणी आणायच्या. मी दोन घोट घेऊन तांब्या परत द्यायचो.

दोन पाडे हिंडलो. दोन्हीकडे कोळपी नाही. दुसऱ्या पाड्यावर एकाने मला आत नेऊन गोणी दाखवली. मी मूठभर हातात घेतलं तर माझ्याच घरचं नवं भात.

तो हसून म्हणाला, "बाबा, घोटीच्या बाजारातूनच आला आहा हा. तुमचेकडला कोणी पहिल्यांदा लावला, लय पिकला म्हणं. मग आमी पण आणला."

मी दाणे परत गोणीत टाकले. कोणी पहिल्यांदा लावलं, ते त्याला सांगितलं नाही. एवढा गर्व होता अजून.

पाड्याच्या शिवेवर वाघदेवाचा लाकडी खांब होता. वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले, ताजा शेंदूर लावलेला. मला सोडायला आलेल्या त्या गोणीवाल्याला मी विचारलं, "वाघ येतो का अजून?"

"देव आहा, वाघ नाय. रानात खाया काय उरलं म्हणून येल?" मग तोच पुढे म्हणाला, "पहिलं एक डोंगर नागली पेरून सात-आठ वर्सं सोडून देत. आता भाऊ चार, डोंगर एक. सोडायचा कोणचा?"

मला तरुणपणी वाघाची भीती वाटली होती तशी आता नागड्या डोंगराची वाटली. वाघापासून माणूस मोठ्यानं बोलून वाचतो. या डोंगरावर मी काय बोलणार होतो?

सोनाबाईचा पाडा

ज्याच्याकडून बैल घेतला होता, त्याचं घर मला आठवत होतं. तो वारला होता. त्याची बायको सोनाबाई अंगणात खुरासणी म्हणजे कारळे पाखडत बसली होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, ताठ अंगाची. ओळख सांगितली तेव्हा म्हणाली, "बैल चांगला चालला का?"

म्हटलं, "बारा वर्सं चालला."

"मग त्याची खबर द्याया आलास का काय? उशीर झाला."

तिने नागलीची म्हणजे नाचणीची भाकर, खुरासणीची चटणी आणि कुळथाचं पातळ पिठलं वाढलं. चटणीला तेल सुटलेलं आणि तिखट असं की कान गरम झाले. आपल्याकडे खुरासणीचं तेल काढून पेंड बैलांना घालतात. तिकडे तीच चटणी आमच्या लोणच्यासारखी रोजची. मी तिसरी भाकर घेतली तेव्हा ती म्हणाली, "खा. भुकेल्या माणसाला बी दाखवू नये."

म्हणजे मी कशासाठी आलो ते तिने ओळखलं होतं.

तिच्या घरात चुलीच्या वर बांबूचा माळा. त्यावर शेणाने लिंपलेल्या चार लहान कणग्या धुरानं काळ्या झालेल्या. धुरामुळे किडा लागत नाही. त्यांतल्या एकीत कोळपी होती. मी खाट सोडून उठलो आणि तिच्या थोरल्या मुलाला म्हटलं, "पाहुणे, याच्यातलं थोडं द्या, सांगाल ते देतो." मुलगा भिंतीकडे बघायला लागला.

सोनाबाई म्हणाली, "त्याला काय विचारतोस? बी बाईचं असतं. आन् खाटेवरून मागतात होय?"

तिकडची रीत अशी की बी मागणाऱ्यानं पागोटं काढून जमिनीवर बसायचं, कणसरीचं म्हणजे धान्यदेवीचं नाव घ्यायचं, आणि कुठल्या जमिनीत टाकणार ते सांगायचं. बी विकत नाहीत, मापातही घालत नाहीत. ओंजळीनं देतात. मी पाटलाच्या समोरसुद्धा कधी पागोटं काढलं नव्हतं. थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मग काढलं आणि बसलो.

"तुझं घरचं कोठं गेलं?" तिने विचारलं.

"खाल्लं."

"दुष्काळात?"

"लग्नात."

ती हसली नाही. त्याचंच मला जास्त लागलं. तिने पाच ओंजळी कोळपी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली, वर पळसाच्या पानांचा थर दिला. म्हणाली, "वारा लागू दे. भिजलं तर पसरव, वाळव, मग बांध. माझेकडं आता येवढंच एक वर्साचं राहिलं आहा. माझं गेलं तर मी तुझेकडं येईन."

त्या घरात अकरा माणसं होती आणि कणगी माझ्या गुडघ्याएवढी. तिने ती कशी राखली असेल, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

हरसूलची वाट

परतताना मी पेठला न जाता डोंगरातून हरसूलकडे निघालो. तिथून त्र्यंबक आणि मग घोटी, असा बेत. दुपारी आभाळ फिरलं आणि वळीव आला. आडोसा नव्हता. पूर्वी एखाद्या आंब्याखाली तास काढला असता, आता सरळ उघड्या उतारावर उभा. डोंगरावरून पाणी आलं ते लाल, मातीसकट, आणि माझ्या पायाखालची वाट घेऊन गेलं. मी घसरलो, गुडघा फुटला, गाठोडं चिखलात पडलं.

आणि मग मी माझ्या डोक्यानं शहाणपणा केला. पिशवीत खताच्या गोणीतलं आतलं प्लॅस्टिक होतं, नवं, जाड. घरी आम्ही त्यात मीठ ठेवतो, थेंब आत जात नाही. मी पळसाची पानं काढून टाकली आणि ओलं फडकं तसंच प्लॅस्टिकात घालून सुतळीनं गच्च आवळलं. म्हातारीचं बोलणं आठवत होतं. पण पुन्हा पाऊस आला तर, ही भीती मोठी होती. म्हटलं, पानात बांधणाऱ्यांना प्लॅस्टिकची काय माहिती.

गुडघा सुजला म्हणून वाटेतल्या पाड्यावर एका घरी दोन दिवस पडून राहावं लागलं. बाहेर ऊन तापलं होतं आणि गाठोडं उशाला. तिसऱ्या दिवशी लंगडत हरसूलच्या अलीकडे लक्षाच्या घरी पोचलो. लक्षा म्हणजे किसनबरोबर कारखान्यात काही महिने होता तो, आता घरची शेती करतो. त्याची आई मला म्हणाली, "बाबा, तुमच्या पिशवीला वास येतो."

सुतळी सोडली. हात घातला तर आत गरम. उपरण्यावर ओतलं. वरवरच्या दाण्यांना बुरशीचा आंबट वास, काही काळे. बाकीच्यांना सुईच्या टोकाएवढे पांढरे कोंब फुटले होते.

 कोंब फुटलेलं भात दोन दिवसांत मातीत गेलं नाही तर संपलं. लंगडत हरसूल गाठून, गाड्या बदलत घरी पोचायला अजून दीड दिवस, माझ्या शेताला पाणी नाही आणि पाऊस कधी येईल ते ठाऊक नाही. त्या उपरण्यावर पडलं होतं ते सोडून कोळपी मला ठाऊक असलेल्या एकाच घरात उरली होती, आणि तिथे परत तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती.

लक्षाच्या घरामागे झऱ्याच्या ओलीवर त्याचा राब भाजून तयार होता. राब म्हणजे शेण, पालापाचोळा पसरून जाळलेली जागा, तिच्यात रोपं करतात. त्या जागेइतकंच त्याचं रोप आणि त्या रोपाइतकीच त्याची खाचरं. भावांच्या वाटण्यांत एवढंच आलेलं. घरात तो, बायको, आई आणि पाच मुलं.

आयुष्यात मी कुणाकडे वीतभर जमीन मागितली नाही. उलट लोक माझ्याकडे मागायला यायचे. बराच वेळ दाण्यांवर पाणी शिंपडत बसलो. शेवटी लक्षाच म्हणाला, "आबा, तोंडानं बोला की. मी काय अंबडचा साहेब नाय."

मी म्हटलं, "एक कोपरा दे."

त्याची बायको पटकन म्हणाली, "कोपरा दिला तर आपलं रोप कमी पडंल." तिचं काही चुकलं नव्हतं. कोपरा म्हणजे तिच्या पोरांची दोन महिन्यांची पेज.

लक्षा म्हणाला, "देतो. पण सगळं नका टाकू. निम्मं इथं, निम्मं ओल्या फडक्यात घेऊन घरी पळा."

मी हटून बसलो. सगळं इथेच टाकतो आणि पाऊस लागला की रोपं घेऊन जातो. दोन्हीकडे अर्धवट कशाला?

लक्षाची आई दाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येक पिशवीत सगळं घालून इथवर आलात, आन् आता येक कोपऱ्यात सगळं घालता?"

मी पुढे सरकलो. उपरण्यावर बोटानं रेघ मारली आणि दोन ढीग केले. एक ढीग लक्षाच्या आईनं राबाच्या कोपऱ्यात फोकला, वर राख लोटली. दुसरा मी ओल्या फडक्यात, वारा लागेल असा सैल बांधून निघालो.

घरी आल्यावर

माझ्या हातातला ढीग घरी पोचेपर्यंत कोमेजला होता. टाकला, चार दिवस घड्यानं पाणी घातलं, एक काडी वर आली नाही. आषाढात लक्षाकडची रोपं आणायला निघायचं तर घाटात दरड आली, गाड्या बंद, आणि माझा गुडघा चालू देईना. रोपं कुणासाठी थांबत नाहीत. लक्षानं पत्र टाकलं की कोळपी त्यानं आपल्याच खाचराच्या खालच्या कोपऱ्यात लावली. म्हणजे माझ्या घरात नाही ते बी त्याच्या घरात उभं राहिलं. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

त्या पत्रानंतर मी रोज सकाळी आमच्या नव्या भातात उतरायचो. बुडाशी बोटं घालायची, फुंकर मारायची आणि बघायचं. किसन म्हणायचा, आबा भाताला नजर लावणार. यंदा आमच्याकडे गोल पडले ते थोडे पडले, निम्मं पीक हाती लागेल असं दिसतं. का थोडे पडले ते मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याचा भरवसा धरत नाही.

काल लक्षाचं दुसरं कार्ड आलं. आज रविवार, किसन घरी आला तेव्हा त्यानं वाचून दाखवलं. अक्षर लक्षाच्या मुलीचं असावं, गोल गोल.

"आबांना नमस्कार. आमच्या नव्या भातात गोल पडले. वरची तिन्ही खाचरं गेली. तुमचा कोपरा हिरवा आहे, लोंबी भरली आहे. घरात नागली थोडी आहे. पोरं कोपऱ्याकडं बघतात. आई म्हणते ते बी आहे, खायचं नाही. आई दिवसभर तिथंच बसते. तुम्ही लवकर या."

किसननं कार्ड दोनदा वाचलं. मी सुनेला म्हटलं, "घरात तांदूळ किती हाय?"

ती म्हणाली, "कापणीपर्यंत पुरंल एवढा. कसाबसा."

"त्यातला निम्मा बांध."

किसन म्हणाला, "आबा, आपल्याकडं एकोणीस माणसं खाणारी हायत. आपण बी आणायला चाललोय का तांदूळ द्यायला?"

म्हटलं, "तिथं आठ हायत. ती जेवली तरच ते बी राहील. आपण वरई खाऊ."

किसन उठला. मग कार्ड खिशात घातलं आणि म्हणाला, "तुमच्या गुडघ्याला पोतं झेपायचं नाय. उद्या मी रजा टाकतो."

सुनेनं पोत्याचं तोंड शिवायला घेतलं आहे. मी ओटीवर बसून हे लिहितो आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो तर दुपारपर्यंत हरसूल. तोवर लक्षाची आई कोपऱ्यात बसून राहावी, आणि पोरांनी एक दिवस अजून दम धरावा.